पाळीवर शिकलेलं गाणं

गाणं एका जागी उभं राहूनच म्हणायचं असतं, हा कायदा कोणी केला मला माहीत नाही. ज्यानं केला त्यानं जन्मात जाळं ओढलं नसणार. आम्ही ढिवर माणसं. डोंगा लोटताना, जाळं ओढताना, टोपलं डोक्यावर घेऊन तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, घरी येताना आमच्या तोंडात गाणं असतं. पाय थांबले की गाणंही थांबतं. त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

मला अक्षर उशिरा आलं. केस पिकल्यावर साक्षरतेच्या वर्गात बसलो. त्याआधी कितीतरी वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांत कामं केली. राजाचं केलं, दारुड्याचं केलं, एकदा तर सासूचंही केलं, आणि एकही ओळ वाचली नाही. कोणीतरी नक्कल, म्हणजे माझ्या वाट्याची वाक्यं, वाचून दाखवायचं. ते ऐकून मी पाळीवर जायचो. एक वाक्य मोहाच्या झाडाखाली ठेवायचं, दुसरं धुण्याच्या दगडापाशी. तिसरं तुडुमावर, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायचं तोंड असतं तिथं. चौथं सिंदीच्या झाडाला. दोन दिवस पाळ पायाखाली घातली की नक्कल पाठ. मग मंचावर डोळ्यांपुढे पाळ दिसायची, आणि मी जागच्या जागी तिच्यावरून चालत जायचो.

निशातला मी गाणं शिकवलं ते असंच. मला दुसरी रीत येत नाही.

निशात म्हणजे सावली गावच्या अयूब मास्टरची मुलगी. तिसरीत शिकते. अयूब मास्टर शिंपी आहे. आमच्या नाटक मंडळाचे पडदे आणि राजाचे कोट तोच शिवतो. बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानासमोर मासोळी घेऊन बसतो. मागच्या हंगामात एकदा बाजार ऐन भरात होता. भाजीवाले ओरडत होते, कोंबड्या ओरडत होत्या, मोबाइलच्या दुकानातलं गाणं त्या सगळ्यांच्या वरताण. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ही पोरगी ओरडली, "अब्बाऽ, खाना ठंडा हो रहा!"

मोठा आवाज पुष्कळांचा असतो. पण इतक्या गलक्यातून ते वाक्य माझ्यापर्यंत आलं, आणि त्यातला एकही शब्द फुटला नव्हता. मी मासोळीवर फडकं टाकलं आणि उठलो.

"मास्टर, पोट्टी देता काय नाटकाले?"

अयूब मास्टरनं मशीन थांबवली. "केवळरामभाऊ, पडदा मागा, कोट मागा. पोट्टी काऊन मागून राह्यले?"

"छकुलीचं काम आहे. बापाच्या मयतीवर रडते अन् गाणं म्हणते."

"म्हणजे मलेच मारून राह्यले का?"

"तुमाले नाई जी. आमचा स्वप्निल मरते."

स्वप्निल माझा नातू. त्या वर्षीच्या नाटकात त्याला बापाचं काम होतं आणि पहिल्या अंकाच्या शेवटी मरायचं होतं.

दुकानाच्या आतल्या पडद्यामागून मास्टरची बायको सुलताना बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "गाएगी. लेकिन अपने गले से गाएगी. पिछले साल मैं देखी ना, मशीन गा रही थी और वो बाई खाली होंठ हिला रही थी. वैसाच करना है तो दुकान में पुतला खड़ा है, उसको ले जाओ."

"पोट्टी आपल्याच गळ्यानं गाईन," मी म्हणालो. "माहा शब्द."

तो शब्द पुढे मला पुरून उरला.

शाळा सुटली की मास्टर तिला स्कूटीवर आमच्या गावी आणून सोडायचा आणि पाळीखाली बसून बटणं लावायचा. मी तिला मोहाखाली उभी केली. गाण्याची पहिली ओळ मी म्हटली, तिनं म्हटली.

ऊठ ना गा बाबा, दिस आला दारी,
धानावर बसली पाखरं सारी.

"आता ही ओळ म्हणत दगडापर्यंत जायचं. मधात श्वास नाई घ्यायचा. श्वास दगडापाशी ठेवला आहे."

"कोणी ठेवला, आबाजी?"

"मीनं."

ती गेली. अर्ध्यातच श्वास संपला. परत मोहाखाली आली. पुन्हा गेली. दुसऱ्या दिवशी दगड गाठला आणि दगडावर कपडे आपटणाऱ्या बायकांनी धुणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. दगडापासून तुडुमापर्यंत पाळ खाली उतरते. तिथं तिचा आवाजही आपोआप खाली यायचा, आणि सिंदीकडे जाताना चढ लागला की वर चढायचा. ते मी शिकवलं नाही. पाळीनं शिकवलं.

कोन देईन हाक मले पाळीवरून,
कोन आनीन घरी मले खांद्यावरून.

"आबाजी, तो मरते काऊन?" तिनं एकदा विचारलं.

"बाप मेल्याशिवाय पहिला अंक संपत नाई."

"मग दुसऱ्या अंकात कोण मरते?"

"माय."

"अन् तिसऱ्यात?"

"तिसऱ्यात व्हिलन. मग लोक घरी जातात."

एक दिवस तुडुमाच्या अलीकडे एक म्हैस पाळीवर आडवी उभी होती. निशात थांबली. थांबली आणि गाणं गेलं. पुढची ओळ तिला काही केल्या आठवेना. परत मोहापासून सुरुवात केली. म्हैस तिथंच. या वेळी मात्र पोरीनं ओळ सोडली नाही. गात गात म्हशीपाशी गेली, तिच्या पोटावर तळवा ठेवला, रेटलं, आणि उरलेल्या जागेतून पलीकडे निघाली. म्हैस रवंथ करत राहिली. गाणं सिंदीपर्यंत गेलं.

"आता तुले येते," मी म्हणालो.

येत होतं. पण कसं येत होतं, हे मला तालमीत कळलं.

शाळेच्या व्हरांड्यात तालीम होती. मंडळानं बाहेरून अतुल नावाचा दिग्दर्शक आणला होता. तरुण, हुशार, गळ्यात मफलर. त्यानं जमिनीवर खडूनं फुली मारली. "छकुली, इथं उभी राहा. समोर माइक आहे असं समज. हलायचं नाही."

निशातनं पहिली ओळ म्हटली. व्हरांड्यातली कुजबुज थांबली. मग दुसरी ओळ यायला हवी होती. आली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा उजवा पाय उचलला गेला.

"पाय नको हलवू," अतुल म्हणाला.

तिनं पाय खाली ठेवला. तोंड उघडलं, पण आतून काही निघालं नाही. तीन वेळा असंच झालं. मला जशी डोळ्यांपुढे पाळ दिसते तशी तिला दिसत नव्हती. तिला ती पायाखाली लागत होती.

"काही हरकत नाही," अतुल म्हणाला आणि मोबाइल काढला. "हेच गाणं एका मुलीच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं आहे. एकदम क्लिअर. ट्रॅक लावू. ही फक्त ओठ हलवेल. चेहरा चांगला आहे पोरीचा."

अयूब मास्टर भिंतीशी बसला होता. पोरीची ओढणी घडी करायला लागला. निघायची तयारी.

"ती चालत गाईन," मी म्हणालो.

"कुठं चालेल, आबाजी? समोर बापाचं प्रेत आहे."

"प्रेताभोवती."

"लोक म्हणतील मयतीत गरबा चालू आहे."

"म्हणू द्या. तुमच्या गावाकडे मयतीत लोक फुलीवर उभे राहतात का? आमच्याकडे येरझारा घालतात."

पोरं हसली. अतुल नाही हसला, पण विचारात पडला. "आवाज माइकखाली येईल, जाईल. वर तीन माइक टांगलेले असतात. मधल्या जागेत बारीक होईल."

"चालणाऱ्या माणसाचा आवाज येते-जातेच."

शेवटी त्यानं एक अट घातली. रंगीत तालमीत तिला चालू द्यायचं. प्रयोगातही चालू द्यायचं. पण मशीनवाल्याजवळ ट्रॅक तयार राहील. पोरगी जिथं थांबेल तिथून मशीन गाईल.

निशातनं मला बाजूला ओढलं. "मी थांबले तं मशीन गाईन?"

"हो."

"मग मी नाई थांबत."

स्वप्निलला आम्ही सतरंजीवर निजवलं. त्याचं डोकं म्हणजे मोह. उजवा हात म्हणजे दगड. पाय म्हणजे तुडुम. डावा हात म्हणजे सिंदी. श्वास त्याच जागी ठेवले, फक्त पावलं लहान केली. ती फिरली आणि गाणं सबंध आलं. मेलेला स्वप्निल एक डोळा उघडून म्हणाला, "आबा, इचा फ्रॉक माह्या नाकावरून जाऊन राह्यला. शिंक आली तं?"

"मेलेल्याले शिंक येत नाई. गप पड."

इथवर सगळं ठीक होतं. मग मंडळाचा अध्यक्ष दसरू माझ्याकडे आला. आमच्याकडे नाटकात बक्षीस द्यायची पद्धत आहे. काम आवडलं की प्रेक्षकातला माणूस मंचावर येतो, नाटक थांबतं, माइकवरून त्याचं नाव पुकारतात, टाळ्या होतात, नाटक पुढे सुरू. मयतीच्या गाण्यात बक्षिसं जास्त येतात. मेलेला माणूस उठून पाकीट घेताना, नमस्कार करताना आणि परत मरताना मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

"आबा," दसरू म्हणाला, "उद्घाटनाले आपले पुढारी भाऊसाहेब येऊन राह्यले. छकुलीच्या गाण्यात मंचावर येतीन. पोट्टीले शिकवून ठेवा. ते आले की थांबायचं, पाया पडायचं, फोटोकडे पाह्यचं."

"गाणं झाल्यावर येऊ द्या."

"गाणं झालं की अंक पडते. अन् त्याईले पुढं पोंभुर्ण्याकडे दुसरं उद्घाटन आहे. थांबत नाईत ते."

"पोट्टीही थांबत नाई."

"आबा, पेंडॉल त्याईनं दिला आहे!"

"पेंडॉलात बसवा त्याईले. गाण्यात काऊन उभे करता?"

दसरूनं कपाळावर हात मारला. "तुमी म्हातारे झाले पण वाकले नाई."

"वाकलो तं जाळ्यासाठी वाकलो. अजून काही?"

तो अतुलकडे गेला. अतुलनं खांदे उडवले. थांबली तर ट्रॅक आहेच, म्हणाला. मला कळून चुकलं की दोघांनाही हे सोयीचं होतं. भाऊसाहेब येतील, पोरगी थांबेल, गाणं तुटेल, फोटो निघेल आणि उरलेलं गाणं मशीन म्हणेल. सुलतानाला दिलेला माझा शब्द सगळ्या गावासमोर मशीनच्या तोंडात जाईल.

निशातला मी एवढंच विचारलं, "पाळीवर म्हैस आली होती तेव्हा काय केलं?"

"लोटली."

"अन् गाणं?"

"चालूच होतं."

"बस."

प्रयोगाच्या दिवशी धान निघालेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, मंच उभा राहिला. आमच्याकडे प्रेक्षकांसाठी जमीन उतरती खोदतात, धानाचं तणस पसरून टाकतात आणि लोक घरून पोती, चादरी आणून बसतात. आजूबाजूच्या गावांचे लोक बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरनं आले. बायकांच्या बाजूला पुढच्याच ओळीत सुलताना. अयूब मास्टर आत विंगेत, सुईदोरा घेऊन. कोणाचं काय उसवेल सांगता येत नाही. भाऊसाहेबांनी नारळ फोडला, भाषण केलं, आणि सोफ्यावर बसले. पडदा वर गेला.

स्वप्निल चांगला मेला. टाळ्या पडल्या. ऑर्गनवाल्यानं सूर धरला आणि निशात आली.

ऊठ ना गा बाबा, दिस आला दारी.

बांधीत बसलेली माणसं हलायची थांबली. मी विंगेत मशीनवाल्याच्या शेजारी उभा होतो. त्याचं बोट बटणावर होतं. पोरगी डोक्यापासून निघाली, उजव्या हातापाशी श्वास घेतला, पायाकडे वळली. आवाज माइकखाली यायचा तेव्हा छातीवर यायचा, दूर जायचा तेव्हा लोक माना पुढे काढायचे. अतुलनं ज्याला दोष म्हटलं होतं त्यानंच लोकांना ओढून धरलं होतं.

दुसरं कडवं लागलं आणि बाजूच्या माइकवर दसरूचा आवाज गरजला. "थांबा, थांबा! छकुलीच्या कामावर खूश होऊन आपले लाडके भाऊसाहेब..."

ऑर्गनवाल्यानं हात उचलले. भाऊसाहेब पायऱ्या चढून आले, हातात पाकीट, मागे फोटोवाला. उंच, धिप्पाड माणूस. ते नेमके स्वप्निलच्या पायाशी, तुडुमावर येऊन उभे राहिले. पोरीच्या वाटेत आडवे.

मशीनवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. "ती थांबली काय?"

"नाई."

"मग बोट काढ."

निशात गात होती. बिनाऑर्गन.

कोन देईन हाक मले पाळीवरून...

गात गात ती भाऊसाहेबांपाशी आली. त्यांनी पाकीट पुढे केलं. तिनं पाहिलंच नाही. त्यांच्या पोटावर तळवा ठेवला आणि रेटलं. भाऊसाहेब मागे सरकले. मागे सतरंजी होती आणि सतरंजीवर स्वप्निलचा हात. बूट बोटांवर पडला. आमचा स्वप्निल मेलेलाच राहिला. शपथेवर सांगतो, त्या पोराच्या पापणीचा केससुद्धा हलला नाही.

दसरू माइकवर म्हणत होता, "छकुली बाळा, थांब... पाकीट घे... भाऊसाहेबांकडून..."

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं सुलताना उभी राहिली. "ओ भाऊसाहब, बाजू हटो! लड़की दिख नहीं रही!"

मग तिच्या मागून एक म्हातारी ओरडली, "सरका ना जी, मयत झाकून राह्यली!" आणि मग सगळीकडून उठलं. "बाजूले व्हा!" "दसऱ्या, माइक बंद कर बे!" दसरूचा माइक बंद झाला. कोणी केला ते मी सांगणार नाही. अयूब मास्टरच्या हातात तेव्हा सुई नव्हती, कात्री होती, एवढं सांगतो.

भाऊसाहेबांना खाली उतरायचं होतं, पण पायऱ्यांच्या बाजूनं पोरगी येत होती. या बाजूला स्वप्निल. ते मध्येच अडकले. ऑर्गनवाल्यानं पुन्हा सूर धरला. तिसऱ्या कडव्याला निशातनं वाट बदलली नाही, फक्त मोठी केली. एक आडवा मेलेला आणि एक उभा जिवंत, दोघांनाही तिनं फेरीत घेतलं.

तुह्या पायतनात माहा पाय नाई भरे,
चालता चालता बाबा, रस्ताच ना सरे.

भाऊसाहेबांनी पाकीट खिशात ठेवलं आणि हात जोडले. दुसरं काय करणार? मयतीत मध्ये सापडलेला माणूस हातच जोडतो. फोटोवाल्यानं फोटो काढला. सिंदीपाशी, म्हणजे स्वप्निलच्या डाव्या हाताशी, शेवटचा श्वास सुटला, आणि तिथं ती थांबली. तिथंच थांबायचं होतं. पडदा पडला. बाहेर जो आवाज झाला त्यानं पडद्याची झालर हलत होती.

पडद्याआड भाऊसाहेब सरळ गाडीकडे गेले. दसरू मात्र माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आता पुढच्या वर्षी पेंडॉल कोण देईन? तुमी?"

"पेंडॉल नसला तं आभाळ आहे."

"पोट्टीनं त्याईले लोटलं, आबा! लोटलं! उद्याच जाऊन माफी मागा. दोघंही."

निशात स्वप्निलची बोटं फुंकत बसली होती. तिनं मान वर केली. "गाणं झाल्यावर मी थांबले होते ना. तेव्हा काऊन नाई देलं त्याईनं?"

आम्ही माफी मागायला गेलो नाही.

अतुल जाताना माझ्याकडे आला. मफलर नीट केला. "आबाजी, चालणं बरोबर नव्हतं," तो म्हणाला. "पण ट्रॅक लावला असता तर लोकांनी मला पळवून लावलं असतं." हेही त्याच्या परीनं पुष्कळ झालं.

मंडळानं त्यानंतर ठरवलं आहे की यंदा छकुलीचं काम ठेवायचंच नाही. नाटकच असं निवडलं आहे की त्यात लहान मूल नाही. निवडोत. पाळ मंडळाच्या मालकीची नाही. निशात येते. स्कूटीवर आता तिच्या मागे तिच्याच वर्गातली आणखी एक पोरगी असते. दोघी मोहाखाली उभ्या राहतात आणि कोणी पुढे जायचं यावरून भांडतात. म्हैस अजून तिथंच असते.

परवा पोंभुर्ण्याकडच्या एका मंडळाचा माणूस आला होता. त्यांच्या नाटकात लहान मुलीचं गाणं आहे. भाऊसाहेबांच्या त्या फोटोची गोष्ट तिकडे आमच्याआधी पोहोचली होती. तो घोंगडीवर बसला, चहा घेतला, आणि मग जरा चाचरत विचारलं.

"बाकी सगळं ठीक आहे जी. फक्त... पोट्टी एका जागी उभी राहून गाईन ना?"

"नाई," मी म्हणालो. "मंच लांब बांधा."